आईचा बर्फ

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बोईसरच्या घरातल्या फ्रीजचं बर्फ तयार करणारं यंत्र बंद पडलं. फ्रीज चालू होता. आतला दिवा लागत होता, भाज्या थंड होत्या, मागची घरघर नेहमीसारखी होती. फक्त बर्फ पडत नव्हता. ही गोष्ट आधी आईच्या लक्षात आली. ओट्यावर तिची बर्फाची स्टीलची वाटी उपडी ठेवलेली होती, त्यावरून मला कळलं.

आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस तिला डायलिसिससाठी पालघरला न्यावं लागे. लघवी जवळजवळ बंद झाली होती, त्यामुळे पोटात गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. दोन डायलिसिसच्या मधे जास्त पाणी गेलं की ते आधी पायांत उतरे, मग छातीत साठे आणि श्वास कोंडे. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. चहा, डाळ, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून एक छोटा तांब्या. आईची जीभ टाळ्याला चिकटे. बोलताना आधी ती सुटल्याचा आवाज येई, मग शब्द.

डायलिसिस विभागातल्या परिचारिकेने बर्फाचा उपाय सुचवला. बर्फ म्हणजेही पाणीच, तो तांब्यातच धरायचा. पण घोटभर पाणी क्षणात संपतं आणि तेवढ्याच पाण्याचा बर्फ तोंडात बराच वेळ पुरतो. आईला हे पटलं. बर्फाबद्दल कोणी तिला काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती, पण या बाबतीत तिने ऐकून घेतलं.

आई समुद्रकाठच्या दांडी गावची. तिचं माहेर आणि सासर दोन्ही मच्छीमारांचं. वडील बोटीवर जात, ते वारून बरीच वर्षं झाली. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. पहाटे बंदरावर माल घ्यायचा, कारखान्यातून आलेली बर्फाची लादी फोडून घ्यायची, पाटीत एक थर बर्फ, एक थर मासळी, पुन्हा बर्फ, आणि सगळ्यावर ओलं गोणपाट. गोणपाट कडेने असं खोचायचं की बोट आत जाता कामा नये. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकांचा बर्फ सकाळीच पाणी होऊन वाहून जाई. आईच्या पाटीत दुपारीही खडे असत आणि उशिरा आलेली गिऱ्हाइकं तिच्याकडे येत. हे मी लहानपणी स्वतः पाहिलेलं आहे. बाकीच्या बायका म्हणत की हिच्या गोणपाटाला मंत्र घातलेला आहे. आई म्हणायची, मंत्र कसला, तुमी गप्पा मारताना गोनपाट उचलून उचलून बघता.

साधे ट्रे आम्ही वापरून पाहिले होते. ट्रेमधला बर्फ सुटायला ट्रे दोन्ही हातांनी पिळावा लागतो. आईच्या डाव्या हातात डायलिसिससाठी धमनीला शीर जोडलेली होती. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, अशी सक्त सूचना होती. घरी आम्ही दोघंच. मी बातमीच्या कामासाठी सकाळी बाहेर पडे आणि परतायची वेळ नक्की नसे. तेवढा वेळ ट्रे फ्रीजमध्ये गोठलेला आणि आई बाहेर. निघण्यापूर्वी सोडवून ठेवलेले तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होई. शेजारी मागायला ती तयार नव्हती. बाजारातली लादी तोंडात घालायची नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो माशांचा बर्फ.

म्हणून एप्रिलमध्ये हा फ्रीज घेतला. तारापूरकडच्या एका वसाहतीतले अधिकारी बदली होऊन चालले होते, त्यांच्याकडून जुना घेतला. कपाटासारखी दोन उभी दारं, डाव्या बाजूला बर्फाचा भाग आणि त्यात ते यंत्र. देताना त्यांनी यंत्र नीट समजावून सांगितलं. मागच्या नळीतून साच्यात पाणी येतं. ते गोठलं की साचा किंचित गरम होतो आणि चंद्रकोरीसारखे छोटे तुकडे खालच्या डब्यात पडतात. डब्याच्या वर एक वाकवलेली जाड तार असते. प्रत्येक वेळी बर्फ पडताना ती वर उचलली जाते आणि पुन्हा खाली येते. डबा भरला की ती बर्फावर टेकून अडते, आणि तार वर अडली की यंत्र थांबतं. बर्फ काढला की तार खाली, यंत्र सुरू.

आईला तुकड्यांचा आकार आवडला. गालात बसतात म्हणाली. ती वाटी घेऊन जाई, उजव्या हाताने दोन-तीन तुकडे घेई आणि गॅलरीत खुर्चीवर बसून चोखत राही. एप्रिलभर यंत्र बिनतक्रार चाललं. फ्रीजच्या त्या भागात दुसरं काही ठेवायचं नाही असा तिचा नियम होता. गोठवलेली मासळी तिने कधी खाल्ली नाही. मेलेल्या म्हावऱ्याला परत कशाला मारायचं, असं तिचं म्हणणं.

मग मेमधल्या एका शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली. आमच्या भागात शुक्रवारी वीज जाणं नवीन नाही. संध्याकाळी वीज आली आणि रात्री पाहिलं तेव्हा डब्यातला बर्फ वितळून पुन्हा एकसंध गोठला होता. मी तो फोडून काढला. त्यानंतर दोन दिवसांनी वाटी उपडी दिसली.

त्यामुळे पहिला संशय विजेवर गेला. फ्रीजला स्थिर दाबासाठी स्टॅबिलायझर होता, तो तपासून घेतला. ठीक होता. यंत्राची तार पाहिली, खाली होती. म्हणजे यंत्र चालू असायला हवं होतं. मागचा पाण्याचा कॉक उघडा होता. नळी कुठे मुडपलेली नव्हती. आमची इमारत कुंभवलीच्या बाजूला आहे, आणि तिथल्या बोअरच्या पाण्याने नळांच्या तोटीवर पांढरा थर चढतो. म्हणून पाण्याची गाळणी बदलली. दुपारनंतर बर्फ पडला. आईने वाटी भरून घेतली. बिघाड गाळणीचा होता अशी आमची समजूत झाली.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा थांबलं.

मे महिना असाच गेला. एकदा साच्यात पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फ धरला असावा असं वाटलं. खालच्या मजल्यावरून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं आणि नळीवर गरम हवा मारली. बर्फ आला, एक दिवस टिकला. एकदा थंडावा कमी-जास्त करून पाहिला. बर्फ आला, एक दिवस टिकला. एकदा फ्रीज पूर्ण बंद करून रात्रभर दारं उघडी टाकली. त्यानंतरही तेच. कधी काहीच न करता बर्फ यायचा. प्रत्येक वेळी डबा तळापासून थोडा भरे, आई तेवढ्यावर दिवस काढे आणि सकाळी डब्यात काही नसे. यंत्राला एक खेप पाडायला दीड-दोन तास लागतात आणि एका खेपेत मूठभर तुकडे येतात. मधल्या वेळेत आई गॅलरीत बसून राही. तिथे कठड्यावर तिचं गोणपाट वाळत असे. धुतलेलं ओलं गोणपाट कठड्यावर असणं आमच्या घरात कायमचं होतं, बाजार सुटला तरी ती एक तुकडा बाळगून होती. त्याच्याकडे कोणी वेगळं पाहत नसे.

मे अखेर दुरुस्तीवाला बोलावला. उत्तरेकडचा, बोईसरमध्येच राहणारा, कामाला नीटस. तो येणार म्हणून आईने सकाळीच फ्रीजचा तो भाग रिकामा करून पुसून ठेवला. परका माणूस आत डोकावणार, घाण दिसायला नको. त्याने यंत्र चाचणीवर लावलं. साचा फिरला, तार उचलली, खाली आली, पाणी भरलं. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पाणी सोडणारी झडप जुनी आहे म्हणून ती बदलली आणि गेला. दोन दिवसांनी पुन्हा बोलावला. पुन्हा त्याच्यासमोर यंत्र व्यवस्थित चाललं.

तो म्हणाला, "सर, मेरे सामने तो बराबर गिराता है. अम्माजी को देख के शरमाता होगा."

आईला हिंदी बाजारामुळे येत होती. ती खुर्चीवरून म्हणाली, "येवडी वरसं गिऱ्हाइकं नाय लाजली मला, ह्ये काय लाजतंय."

तो हसला. आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डात दोष असू शकतो, तो असा येऊन-जाऊन असतो, असं त्याचं मत पडलं. जुन्या मॉडेलचं कार्ड मिळायला वेळ लागेल म्हणाला आणि मागणी नोंदवून गेला.

जूनमध्ये पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली. बोटी दांडीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या गेल्या. माझी मोठी बहीण दांडीलाच दिलेली आहे, तिच्या घरची बोट आहे. बंदी लागल्यावर ती मोकळी झाली आणि एकाआड एक दिवस येऊ लागली. तिने यंत्राची सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाली की घरात एवढा मोठा फ्रीज आणि बर्फासाठी आई तोंड वासून, हे कोणाला सांगायची सोय नाही.

त्याच महिन्यात, बहीण येणार नव्हती अशा एका दिवशी, मी सकाळपासून बाहेर होतो. त्या दिवशी घरात काय झालं हे मी पाहिलेलं नाही. आईने नंतर जे सांगितलं त्यावरून एवढं कळतं. सकाळी डब्यात चार तुकडे होते. ते तिने अकराच्या आत संपवले. दुपारी पुन्हा उघडून पाहिलं, काही नव्हतं. ट्रे होता, तो तिने ओट्याच्या कडेवर आपटला, बर्फ सुटला नाही. मग तिने माठातून पाणी घेतलं. किती, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "पोट भरंस्तोवर."

संध्याकाळी मी आलो तेव्हा ती पलंगावर बसून पुढे वाकली होती. आडवं होता येत नव्हतं. ओठ निळसर पडले होते आणि श्वासाबरोबर छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. गाडीने पालघरला नेलं. वाटेत ती एकदाच म्हणाली, पाणी चांगलं गार होतं. रुग्णालयात तातडीने डायलिसिस केलं आणि तिला ठेवून घेतलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की या वेळी वाचल्या, पण हृदयावर ताण आलेला आहे, पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही.

बहीण तिच्याजवळ राहिली. काही दिवसांनी मी कपडे न्यायला घरी आलो. घर तेवढे दिवस बंद होतं. फ्रीज उघडून पाहिला. बर्फाचा डबा काठोकाठ भरलेला होता. तार बर्फाच्या ढिगावर टेकली होती. यंत्र जसं थांबायला हवं तसं थांबलं होतं.

मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, कार्ड का ऐसा ही होता है. गॅलरीतले कपडे काढायला गेलो तेव्हा कठड्यावर गोणपाट होतं. ते वाळून कडक झालं होतं, उचललं तर पुठ्ठ्यासारखं उभं राहिलं. ते मी घडी करून दाराआड ठेवलं आणि कपडे घेऊन पालघरला परत गेलो.

आई घरी आली तेव्हा डबा भरलेला होता. तिला बरं वाटलं. मी त्या आठवड्यात रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी ती बर्फ घेऊन येताना वाटीत चांगला ढीग होता, तिसऱ्या दिवशी कमी. यंत्राचा पाणी घेतानाचा बारीक आवाज होतो, तो घरात राहून मला ओळखीचा झाला होता. तो आवाज आला नव्हता. त्या दुपारी आई झोपली असताना मी डबा रिकामा व्हायची वाट न पाहता फ्रीजचं डावं दार उघडलं.

डब्यावर गोणपाट होतं. चारी बाजूंनी कडेने खोचलेलं, बोट आत जाणार नाही असं. ओलं असतानाच घातलेलं, त्यामुळे गोठून फळीसारखं ताठ झालं होतं. यंत्राची तार त्या गोणपाटावर टेकून वर अडलेली होती. गोणपाटाची एक कड उचलून पाहिली. खाली डबा अर्धाच उरला होता.

मी गोणपाट काढलं. तार खाली आली. थोड्या वेळाने साच्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

हे कसं घडत आलं ते त्यानंतर जुळवता आलं. मेमधल्या त्या शुक्रवारी वीज जाऊन बर्फ वितळला, तेव्हापासून आई बर्फ झाकू लागली. यंत्र पहिली खेप पाडे, ती त्यावर ओलं गोणपाट खोचे, तार वर अडे, यंत्र थांबे. दिवसभर आणि रात्रीही ती कड उचलून बर्फ घेई. सकाळी संपला की गोणपाट काढून धुऊन कठड्यावर टाकी. मी पाहायला जाई तेव्हा डबा रिकामा आणि तार खाली. दुरुस्तीवाला आला तेव्हा तिने सगळं पुसून ठेवलं होतं. लपवालपवी यात कुठेही नव्हती. बर्फ झाकतात, हे सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

आई उठल्यावर मी तिला फ्रीजपाशी खुर्ची देऊन बसवलं. गोणपाट डब्यावर ठेवून दाखवलं, तार अडते ती दाखवली. काढून दाखवलं, तार खाली येते ती दाखवली. तिने दोन्ही वेळा नीट पाहिलं.

"बरफ उगडा ठेवायचा?" तिने विचारलं.

मी म्हणालो की हे कपाटच थंड आहे, आत तो वितळत नाही.

"त्या दिशी वितलला ना."

"तेव्हा वीज गेली होती."

"मग वीज जात नाय काय? शुक्रवार काय संपले?"

तिने तार बोटाने वर केली आणि सोडली. पुन्हा वर केली, पुन्हा सोडली.

"येवडं मोठं मशीन," ती म्हणाली, "आनि त्याला बरफ कंचा नि गोनपाट कंचा कलत नाय."

दार बराच वेळ उघडं राहिल्यामुळे फ्रीज इशाऱ्याचा बारीक आवाज करू लागला. मी दार लावू का विचारलं. तिने मान डोलावली. मी दार लावलं तेव्हा ती म्हणाली, "तुज्या बहिनीला सांगू नको. गावात गोष्ट जाईल."

मी सांगणार नाही म्हणालो. दुरुस्तीवाल्याला फोन करून कार्डाची मागणी रद्द केली. कारण विचारलं तेव्हा यंत्र चालू झालं एवढंच सांगितलं.

त्यानंतर बर्फ येत राहिला. डबा कायम भरलेला असे. आई बर्फ उघडा ठेवी, पण तिला ते सवयीचं झालं नाही. पलंगावरून उठून ती दार उघडून पाही आणि पुन्हा लावी. बाजारातल्या बायकांना गोणपाट उचलण्यावरून ती जे बोलायची, तेच आता ती दिवसातून कितीदा तरी करत होती. गोणपाट तिने धुऊन दाराआड ठेवून दिलं.

जुलैमध्ये तिची ताकद कमी झाली. डायलिसिस चालू असताना मधेच रक्तदाब उतरे आणि यंत्र थांबवावं लागे, त्यामुळे पाणी पुरतं निघत नसे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय साथ देईल तितके दिवस. स्वयंपाकघरापर्यंत जाणं तिला जमेना. बहीण राहायला आली, आणि बर्फ आणून द्यायचं काम तिच्याकडे गेलं.

बहीण आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दाराआडचं गोणपाट कठड्यावर ओलं दिसलं आणि दुपारी डब्यावर. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. डबा उघडा पाहिला म्हणून तिने झाकला. ती आंघोळीला गेल्यावर मी गोणपाट काढलं. संध्याकाळी ते पुन्हा डब्यावर होतं.

रात्री जेवताना ती आईला म्हणाली, "बरफ उगडा टाकलेला याने. मी झाकला. याला बाजारात बसवला असता तर दिवाळं काढलं असतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पानात पाहत राहिलो.

"त्याला काय कलतंय," आई म्हणाली.

बहीण होती तेवढे दिवस हे असंच चाललं. ती झाकी, मी काढी. ती विचारी की गोणपाट कोण काढतं, मी म्हणे की बर्फ घेताना राहून गेलं. एक-दोनदा मला बाहेर जावं लागलं आणि यंत्र दिवसभर थांबून राहिलं, पण डब्यात आधीचा बर्फ होता. आईला कमी पडला नाही. आईने बहिणीला काही सांगितलं नाही. एकदा बहीण औषधं आणायला खाली गेली असताना तिने मला हाक मारली आणि विचारलं, काढलंस का. मी हो म्हणालो. तिने डोळे मिटले.

ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली. दांडीच्या बोटी पाण्यात गेल्या. बहिणीच्या घरची बोटही गेली, पण बहीण बोईसरलाच राहिली.

आई वारली तो डायलिसिसचा दिवस होता. सकाळी पालघरला न्यायला गाडी खाली येऊन थांबली होती. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पायांत चपला होत्या. बहीण तिचे केस विंचरत होती. आईने बर्फ मागितला. बहिणीने वाटी आणली आणि एक तुकडा तिच्या तोंडात घातला. मी गाडीवाल्याला थोडं थांबायला सांगायला गॅलरीत गेलो होतो. बहिणीने हाक मारली म्हणून आत आलो. आई उशीवर कलंडली होती. शेजारच्या इमारतीतले डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, तोंड उघडून पाहिलं. जिभेवर बर्फाचा तुकडा होता. तो त्यांनी बोटाने काढून बहिणीच्या हातात दिला.

गाडीवाल्याला परत पाठवलं. पालघरच्या डायलिसिस विभागाला फोन करून आजची वेळ दुसऱ्या कोणाला द्या असं सांगितलं. आईला दुपारी दांडीला नेलं.

तेराव्यापर्यंत आम्ही दांडीलाच होतो. बर्फाचा विषय तिथे एकदा निघाला. आईच्या शेजारी बाजारात बसणाऱ्या बायका भेटायला आल्या होत्या. त्यांनी आईच्या पाटीची आठवण काढली, दुपारपर्यंत तिच्याच पाटीत बर्फ राहायचा, ती आठवण. बहीण त्यांना म्हणाली, "शेवटपर्यंत बरफ कमी नाय पडला आईला. मी रोज झाकून ठेवत होती."

बायका म्हणाल्या, नशीब लागतं.

तेराव्यानंतर बहीण माझ्याबरोबर बोईसरला आली, आईच्या वस्तू आवरायला. लुगडी, औषधांचे डबे, गॅलरीतली खुर्ची. फ्रीजचं डावं दार उघडलं तर डब्यावर गोणपाट होतं. आई गेली त्या सकाळी बहिणीने वाटी भरून घेतल्यावर ते परत घातलं होतं, आणि नंतर ते काढायला घरात कोणी नव्हतं. तार त्याच्यावर टेकलेली होती. बहिणीने ते काढलं, झटकलं, नळाखाली धुतलं, पिळलं आणि पिशवीत घातलं. आईची वाटीही घेतली. तिच्या घरच्या बोटीवरून माल येणार होता, म्हणून ती चार वाजता दांडीला परत गेली.

त्यानंतर यंत्र सुरू झालं. संध्याकाळी एक खेप पडली, रात्री आणखी काही. पुढचे दोन दिवस बर्फ पडत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरलेला होता, तार बर्फावर टेकली होती आणि यंत्र बंद होतं.